गिधाडं गेली, मग काय झालं? निसर्गातल्या 'खाणाऱ्यां'ची गोष्ट



आज सुरुवातीलाच एक सोपा प्रश्न विचारते. तुम्ही शेवटचं गिधाड कधी पाहिलंत? फोटोत नाही, कार्टूनमध्ये नाही, खऱ्या आभाळात. तुम्ही तिशीच्या आतले असाल, तर बहुतेक उत्तर 'कधीच नाही' असं येईल. माझंही तेच होतं. आता हाच प्रश्न घरातल्या आजी-आजोबांना विचारा. ते क्षणभर थांबतील आणि म्हणतील, "अरे हो, पूर्वी खूप असायची. आता दिसत नाहीत."

कुठे गेली ती? आणि गेली तर आपलं काय बिघडलं? आजचा लेख याच दोन प्रश्नांवर आहे.

भाचीचा चार्ट आणि अडलेला बाण

झालं असं, की माझी भाची पाचवीत आहे. मागच्या महिन्यात तिला शाळेतून अन्नसाखळीचा चार्ट करायला सांगितला होता. ताई कामात होती, म्हणून मदतीला मी बसले. आम्ही गवत काढलं. गवतावर नाकतोडा, नाकतोड्यानंतर बेडूक, मग साप आणि सगळ्यात शेवटी गरुड. प्रत्येकामध्ये एकेक बाण. मी म्हटलं, झालं, आता रंगव.

तिने पेन्सिल खाली ठेवली आणि विचारलं, "मावशी, पण गरुड मेला की त्याला कोण खातं? आणि गाय? गाईला तर आपल्याकडे कुणीच खात नाहीये."

मी इंग्रजी साहित्यात बी.ए. केलंय. विज्ञानाशी माझा संबंध दहावीतच संपला. तरी मी ठोकून दिलं, "मातीतले जिवाणू खातात." ती म्हणाली, "एवढी मोठी गाय? किती दिवसांत?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. ते शोधायला लागले आणि हा लेख तयार झाला.

आधी थोडं शाळेतलं, पण घाबरू नका

कोणत्याही परिसंस्थेत तीन प्रकारचे कामकरी असतात. पहिले उत्पादक, म्हणजे झाडं-झुडपं, गवत, शेवाळ. ते सूर्यप्रकाशावर स्वतःचं अन्न स्वतः तयार करतात. दुसरे भक्षक, म्हणजे स्वतः अन्न तयार करू न शकणारे, दुसऱ्याला खाऊन जगणारे. इंग्रजीत त्यांना कन्झ्युमर म्हणतात. तुम्ही-मी त्यातलेच. तिसरे विघटक, म्हणजे बुरशी आणि जिवाणू, जे उरलंसुरलं कुजवून मातीला परत देतात.

भक्षकांचे पुन्हा थर असतात. झाडपाला खाणारे प्राथमिक भक्षक, त्यांना खाणारे द्वितीयक आणि त्यांनाही खाणारे तृतीयक.

वर जाताना थर इतके छोटे का होत जातात, याचं कारण अमेरिकन शास्त्रज्ञ रेमंड लिंडेमन यांनी १९४२ मध्ये मांडलेल्या विचारात सापडतं. एका थरातून पुढच्या थरात ढोबळमानाने दहा टक्केच ऊर्जा पोहोचते. बाकीची चालण्या-फिरण्यात, श्वासात, उष्णतेत खर्च होते. घरखर्चाच्या भाषेत सांगायचं, तर दर महिन्याला पगाराचा दहावा हिस्साच पुढच्याच्या हातात पडतो. म्हणून हजार किलो गवतावर साधारण शंभर किलो हरीण उभं राहतं आणि त्यावर दहा किलो वाघ. जंगलात हरणं खूप आणि वाघ मोजके, ते यामुळेच.

आपल्याला वाटतं, उत्पादक म्हणजे कमावणारे आणि भक्षक म्हणजे नुसते खाणारे, फुकटे. खरी गंमत इथेच आहे. निसर्गात खाणं हेच काम असतं. वटवाघूळ उंबर खातं आणि बिया दूरवर पेरतं. घुबड उंदीर खातं आणि धान्य वाचवतं.

बेडकाचं तर आपल्या देशात चांगलंच उदाहरण आहे. एके काळी भारतातून बेडकांच्या तंगड्या मोठ्या प्रमाणावर परदेशात जायच्या. शेतातले बेडूक कमी होऊ लागले, किडे खाणारा हा फुकटचा राखणदारच नाहीसा होतोय अशी ओरड झाली आणि १९८७ मध्ये सरकारने ही निर्यात बंद केली.

पण भाचीच्या प्रश्नाचं उत्तर यात नव्हतं. मेलेली गाय कोण खातं? त्यासाठी भक्षकांचा एक वेगळा गट आहे, मृतभक्षक. हे शिकार करत नाहीत आणि विघटकही नाहीत. मेलेलं जनावर संपवणं हेच त्यांचं काम. या गटाचा मुकादम म्हणजे गिधाड.

बेंगळुरूपासून फक्त पन्नास किलोमीटर

इथे राहून मला तीन वर्षं झाली, पण गिधाडांचं अभयारण्य आपल्या इतकं जवळ आहे हे माहीत नव्हतं. मैसूर रस्त्याने निघालात, बिडदीला थांबून तट्टे इडली खाल्लीत आणि आणखी थोडं पुढे गेलात की रामनगर येतं.

हेच ते 'शोले'चं रामगढ! १९७५ मध्ये आलेल्या त्या सिनेमातले उघडेबोडके प्रचंड खडक आठवतात ना? ते इथले. तिथल्या रामदेवर बेट्ट या टेकडीचा परिसर कर्नाटक सरकारने २०१२ मध्ये गिधाड अभयारण्य म्हणून जाहीर केला. क्षेत्र सुमारे ३४६ हेक्टर. लांब चोचीचं गिधाड उंच कड्यांच्या कपारीत घरटं करतं, म्हणून हे सरळसोट खडक त्याला सोयीचे.

आणि रामनगरची दुसरी ओळख माहीत आहे का? रेशीम! इथला रेशीमकोषांचा बाजार आशियातल्या सगळ्यात मोठ्या बाजारांमध्ये गणला जातो. भाचीला मी गाडीतच सांगितलं, "तुतीची पानं खाणारी रेशमाची अळी हीसुद्धा प्राथमिक भक्षकच. ती खाते म्हणून आजीची पैठणी होते." हे तिला फारच आवडलं. तिने वहीत लिहून घेतलं.

टेकडीवर पायऱ्या चढून रामाच्या देवळापर्यंत गेलो. घामाघूम झालो. आभाळात घारी दिसल्या. भाची प्रत्येक घारीला "गिधाड!" म्हणून ओरडली. खरं गिधाड मात्र दिसलं नाही. पूर्वी इथे कितीतरी होती. आता लांब चोचीची गिधाडं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच उरली आहेत. गिधाडांच्या नावाने राखलेल्या टेकडीवर गिधाडच दिसू नये, याचं वाईट वाटलं.

आजोबांचा फोन

परत येताना मी आजोबांना फोन केला. ते सांगली जिल्ह्यात गावी असतात. विचारलं, "आजोबा, तुमच्या वेळी गिधाडं होती का हो?"

ते हसले. "होती म्हणजे? अगं, बैल मेला की ओढ्यापलीकडं नेऊन टाकायचा. वर बघावं तर एक ठिपका. जरा वेळानं दहा. सांजेपर्यंत नुसती पांढरी हाडं. वास नाही, काही नाही."

"आणि आता?"

"आता कुठली गिधाडं. आता खड्डा खणायचा. नाही खणला, तर चार-पाच दिवस कुत्री ओढत बसतात."

आजोबांचे हे चार-पाच दिवस लक्षात ठेवा. पुढची सगळी गोष्ट तिथेच आहे.

चार कोटींपासून मूठभरांपर्यंत

तज्ज्ञांच्या अंदाजानुसार १९८०च्या दशकात भारतात सुमारे चार कोटी गिधाडं होती. त्यानंतर जे घडलं, ते जगातल्या कुठल्याही पक्ष्याच्या बाबतीत क्वचितच घडलं असेल. भरतपूरच्या केवलादेव उद्यानात गिधाडं कमी होताहेत, हे बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचे शास्त्रज्ञ विभू प्रकाश यांच्या १९९०च्या दशकात लक्षात आलं. पुढच्या मोजण्यांमध्ये दिसलं, की १९९२ ते २००७ या काळात पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या तब्बल ९९.९ टक्क्यांनी घटली. म्हणजे हजारांपैकी एक उरलं. लांब चोचीची गिधाडं सुमारे ९७ टक्क्यांनी घटली.

कुणी शिकार केली? नाही. खायला कमी पडलं? तेही नाही. कारण इतकं साधं निघालं की विश्वास बसत नाही. डायक्लोफेनॅक. हो, तेच, कंबर धरली की आपण घेतो ते वेदनाशामक औषध.

१९९०च्या दशकात या औषधाच्या स्वस्त आवृत्त्या बाजारात आल्या आणि ते गाई-म्हशींनाही सर्रास दिलं जाऊ लागलं. लंगडणारा बैल उभा राहायचा, सुजलेल्या कासेला आराम पडायचा. जनावराला त्याने अपाय होत नव्हता. पण औषध दिल्यानंतर लगेचच ते जनावर मेलं, तर अंश मांसात राहायचा. ते मांस खाल्लेल्या गिधाडाचं मूत्रपिंड निकामी व्हायचं आणि काही दिवसांत ते मरायचं. अमेरिकन संशोधक लिंडसे ओक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाकिस्तानातल्या मेलेल्या गिधाडांची तपासणी करून हे शोधलं. २००४ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात ते प्रसिद्ध झालं.

तुम्ही म्हणाल, सगळ्याच जनावरांना थोडंच हे औषध दिलं जात होतं? बरोबर. पण गिधाडं एकत्र जेवतात. एका म्हशीवर पन्नास-शंभर जणांची पंगत बसते. शंभरातल्या एकाहून कमी जनावरांत हे औषध असलं, तरी सगळी जमात संपायला तेवढं पुरे, असं शास्त्रज्ञांच्या गणितात निघालं. शिवाय गिधाड वर्षाला एकच अंडं घालतं आणि पिल्लू मोठं होऊन वीण करायला साधारण पाच वर्षं जातात. मरण घाऊक आणि जन्म किरकोळ. हिशेब जुळणार कसा?

रिकामी जागा रिकामी राहत नाही

आता आजोबांच्या चार-पाच दिवसांकडे येऊ.

गिधाडांचा थवा मेलेली गाय तासाभरात साफ करतो. त्यांच्या पोटातलं आम्ल इतकं तीव्र असतं की अनेक रोगजंतू तिथेच संपतात. जंतूंच्या प्रवासातलं ते शेवटचं स्टेशन. गिधाडं गेली, पण जनावरं मरायची थांबली नाहीत. मांस तसंच पडून राहू लागलं. उन्हात सडू लागलं. काही ठिकाणी ते नदी-नाल्यांत ढकललं जाऊ लागलं. त्या मांसावर कुत्री आणि उंदीर वाढले.

यात कुत्र्यांचा दोष नाही, हे आधीच सांगते, कारण मी स्वतः आमच्या गल्लीतल्या तिघांना रोज बिस्किटं घालते. निसर्गात एक जागा रिकामी झाली की दुसरा कुणीतरी येऊन बसतो. पण कुत्र्याचं पोट गिधाडासारखं नाही. तो मांस सावकाश खातो, अर्धवट सोडतो. आणि त्याला रेबीज होऊ शकतो, जो पुढे माणसाला होतो.

याचा हिशेब अर्थशास्त्रज्ञांनी मांडला आहे. अनिल मार्कंडेय आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये काढलेल्या अंदाजानुसार, गिधाडं कमी झाल्यामुळे देशात निदान ५५ लाख कुत्री वाढली, सुमारे ३.८५ कोटी कुत्रा चावण्याच्या घटना जास्तीच्या घडल्या आणि ४७ हजारांहून अधिक माणसं रेबीजने दगावली.

त्यानंतर २०२४ मध्ये इयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या दोन अर्थशास्त्रज्ञांचा अभ्यास आला. त्यांनी गिधाडांना राहायला अनुकूल असलेले जिल्हे आणि नसलेले जिल्हे यांची तुलना केली. गिधाडं जिथे पूर्वी भरपूर होती, तिथे ती नाहीशी झाल्यावर माणसांचा मृत्युदर चार टक्क्यांहून अधिक वाढलेला दिसला. २००० ते २००५ या पाच वर्षांत सुमारे पाच लाख जास्तीचे मृत्यू, असा त्यांचा अंदाज आहे. त्यात रेबीज आहे आणि दूषित पाण्याचे आजारही.

पाच लाख माणसं! एका पक्ष्याने जेवायला येणं बंद केलं म्हणून.

आणि आपण? आपण 'गिधाड' हा शब्द शिवी म्हणून वापरतो. कुणी मेल्यावर इस्टेटीवर तुटून पडणाऱ्या नातेवाइकांना गिधाडं म्हणतो. विजय तेंडुलकरांच्या नाटकाचं नावही 'गिधाडे'. पण आपल्याच रामायणात सीतेला वाचवायला धावलेला जटायू कोण होता? इगतपुरीजवळच्या टाकेदला आणि इथून जवळ आंध्रातल्या लेपाक्षीला आजही लोक त्याची कथा सांगतात. मुंबईच्या पारशी समाजाला या पक्ष्याची किंमत वेगळ्याच कारणाने कळली. त्यांच्या दख्म्यात देह गिधाडांच्या स्वाधीन करण्याची शतकांची रीत होती. गिधाडंच उरली नाहीत, तेव्हा सूर्यकिरण एकवटणाऱ्या यंत्रांचा आधार घ्यावा लागला.

मी आजोबांना पुन्हा फोन केला

हे सगळं वाचल्यावर मला एक गोष्ट विचारायचीच होती. "आजोबा, आपल्या जनावरांना कधी दुखण्याचं इंजेक्शन दिलं होतं का हो?"

थोडा वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "दिलं होतं की. तांबड्या गाईला. पाय सुजला होता तिचा. मेडिकलमधूनच आणलं, माणसाचंच. स्वस्त पडायचं."

"मग गाय?"

"चार दिवसांनी गेली. नेहमीसारखी ओढ्यापलीकडं टाकली." पुन्हा थांबले. "त्यानंच झालं म्हणतेस का?"

मी म्हटलं, एका गाईने काही झालं नसेल. पण असं म्हणताना मला शंभरातल्या एकाचं ते गणित आठवत होतं. आजोबांनी गाईचं दुखणं बघवेना म्हणून इंजेक्शन दिलं. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. तेव्हा कुणाला माहीतही नव्हतं. पण आता माहीत आहे. म्हणून पुढचा भाग नीट वाचा.

आता काय चाललंय आणि तुम्ही काय करू शकता?

सरकारने २००६ मध्ये जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकचं उत्पादन बंद केलं. तरी माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात पोहोचतच होत्या. म्हणून २०१५ मध्ये माणसांचं इंजेक्शन फक्त ३ मिलीच्या एकेरी डोसमध्येच विकायचं असा नियम झाला. २०२३ मध्ये अ‍ॅसिक्लोफेनॅक आणि केटोप्रोफेन, तर २०२४च्या अखेरीस निमेसुलाइड ही औषधंही जनावरांसाठी बंद झाली, कारण तीही गिधाडांना घातक आहेत.

हरियाणातल्या पिंजोरच्या केंद्रात गिधाडांची पैदास केली जाते. तिथली काही गिधाडं २०२४ मध्ये महाराष्ट्रात, ताडोबा आणि पेंचला आणली गेली. रायगड जिल्ह्यात म्हसळ्याजवळच्या चिरगावच्या रानात गिधाडांची घरटी गावकऱ्यांच्या मदतीने टिकली आहेत. गडचिरोलीत वनखात्याने गिधाडांसाठी 'उपाहारगृहं' चालवली, म्हणजे ठरलेल्या जागी त्यांच्यासाठी मेलेली जनावरं ठेवायची.

आपल्यासारख्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी काय करायचं? चार साध्या गोष्टी सांगते.

१. गावी जनावरं असतील, तर आजच फोन करा. दुखण्यावर कोणतं औषध देता, ते विचारा. मेलॉक्सिकॅम हे गिधाडांसाठी सुरक्षित ठरलेलं औषध आहे आणि ते सहज मिळतं. पशुवैद्यांना नाव घेऊन विचारायला सांगा. माणसाचं इंजेक्शन जनावराला नको.

२. औषध दिलेलं जनावर लगेच दगावलं, तर ते उघड्यावर टाकू नका, पुरा.

३. कुत्रा चावला किंवा नुसतं ओरखडलं, तरी जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी लस घ्यायला जा. हळद-चुना-मिरची लावत बसू नका. सगळे डोस पूर्ण करा. मुलांना शिकवा, की चावलं तर घरी लपवायचं नाही. ओरडा बसणार नाही, असं वचन द्या.

४. गल्लीतल्या कुत्र्यांना खाऊ घालत असाल, तर त्यांची नसबंदी आणि लसीकरण झालंय का, तेही बघा. उघडा कचरा हे त्यांचं मोठं ताट आहे, ते झाका. हे मी आधी स्वतःला सांगतेय.

चार्टचं काय झालं?

भाचीने चार्टच्या खालच्या कोपऱ्यात एक मोठं, टकलं, वाकड्या मानेचं गिधाड काढलं. मग गवत सोडून प्रत्येक चित्रापासून त्याच्याकडे एकेक बाण नेला. नाकतोड्यापासूनही! मी म्हटलं, नाकतोड्याला गिधाड नाही खात गं. तिने तो बाण खोडला, पण गाईचा मात्र दुप्पट जाड केला. शाळेत बाईंनी विचारलं, हे कशाला काढलंस? ती म्हणाली, "हे नसलं तर गाय चार दिवस पडून राहते. माझ्या पणजोबांनी सांगितलंय."

आजोबांना मी हे कळवलं. ते खूश झाले. मग म्हणाले, "पुढच्या वेळेला पोरीला इकडं घेऊन ये. ओढ्यापलीकडं जाऊन बघू. एखादा ठिपका दिसलाच तर दिसला."

दिवाळीत जाणार आहोत. दुर्बीण घेऊन.

तुमच्या घरातल्या मोठ्यांना गिधाडांबद्दल नक्की विचारा. मला खात्री आहे, प्रत्येक घरात एक ओढा असेल आणि त्यापलीकडची एक गोष्ट असेल. ती ऐकून ठेवा. भेटू पुढच्या लेखात!